खडू नसलेले चॉक फार्म

लंडनला गेलेला आपला माणूस कॅमडेन टाउनचा बाजार हटकून पाहतो; पुढच्याच स्टेशनावर मात्र सहसा उतरत नाही. कॅमडेनला आमचा डबा रिकामा झाला आणि चॉक फार्मच्या फलाटावर मी आणि आमची सौ. दोघेच उभे राहिलो. लिफ्टचे दार मिटले न मिटले तोच उघडले. चढ जेमतेम नऊ मीटरांचा!

बाहेर येऊन वळून पाहिले. दोन रस्त्यांच्या बेचक्यात बसलेली, गडद तांबड्या चकचकीत टाइल्सची ही लांबट इमारत. वास्तुकार लेस्ली ग्रीन. स्टेशन उघडले २२ जून १९०७ रोजी आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ग्रीन वारला.

चॉक म्हणजे खडू. मास्तराचे मन लगेच फळ्याकडे धावले. पण इथली जमीन खडूची नव्हे, चिकणमातीची! ‘चॉलकॉट’ हे जुने नाव झिजून असे झाले आहे. एके काळी हा भाग द्वंद्वयुद्धांसाठी प्रसिद्ध होता. १८२१ साली जॉन स्कॉट नावाचा संपादक वाङ्मयीन वादापायी इथे गोळी लागून जबर जखमी झाला आणि काही दिवसांनी दगावला. आपले वाद छापण्यावरच भागतात, हे संपादकांचे भाग्य.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी या भागात एक निराळाच लढवय्या राहायला आला. रेल्वेवरचा पूल ओलांडला की जवळच किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर लागते. १९२१-२२ मध्ये इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडून, पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि भथेना या मित्राचे कर्ज एवढ्या बळावर ते १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला आले होते. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर घेतले. आज तिथे त्यांचे स्मारक आहे.

मीही प्राध्यापकच. माझा प्रबंध पंधरा वर्षे कपाटात पडून आहे. सबब ठरलेली : वेळ नाही, पेपर तपासायचे आहेत. त्या घरासमोर ती मनातल्या मनातही उच्चारवेना.

परतताना सौ. बराच वेळ गप्प होती. स्टेशनात शिरताना एवढेच म्हणाली, “कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे हो. गेल्यावर काढून देते.”