तीन जणींची रोटी

कोन्याहून अक्सरायकडे जाणारा रस्ता सपाट पठारावरून जातो. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिथे होतो तेव्हा सगळी कापणी उरकली होती आणि जमीन पिवळट-राखी दिसत होती. तुर्कस्तानात या भागाला देशाचं धान्याचं कोठार म्हणतात. वाटेत सुलतानहानी इथे सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबाद यांनी १२२९ साली बांधलेली भव्य सराय लागते. तिचे फोटो सगळेच काढतात, आम्हीही काढले. पण आज लिहायचं आहे ते त्या गव्हाच्या एका रोटीबद्दल. तिचं नाव युफ्का.

अक्सराय आणि नेवशेहिर यांच्या मधल्या एका खेड्यात आम्ही तीन रात्री एका घरी उतरलो होतो. आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक, एकाचा विषय उर्दू, एकाचा मराठी. तुर्की भाषा येत नव्हती, तरी पहिल्या संध्याकाळीच कळलं की अगदी मुकं राहावं लागणार नाही. किताब तिथेही ‘किताप’, कलम ‘कलेम’, दुनिया ‘दुन्या’. ‘देफ्तेर’ म्हणजे वही; आपली मुलं पाठीला लावतात ते दप्तर त्याच घराण्यातलं. घरच्या म्हाताऱ्या बाईंना सगळे ‘तेय्झे’ म्हणत. तेय्झे म्हणजे मावशी, आपल्या बोलीत खाला. मग आम्हीही त्यांना खालाच म्हणायला लागलो आणि त्यांना ते आवडलं असावं, कारण त्या दर वेळी ‘ओ’ देत.

युफ्का म्हणजे पीठ, पाणी आणि मीठ. बस. खमीर नाही, तेल नाही. आपल्या उर्दूत खमीर म्हणजे आंबवण. तोच शब्द तुर्कीत ‘हमूर’ झाला आणि त्याचा अर्थ कुठलाही मळलेला गोळा असा पसरला. म्हणजे खालांच्या हमूरमध्ये खमीर अजिबात नव्हतं. शब्द मोठ्या मजेदार वाटा धरतात. ‘युफ्का’ या शब्दाचा अर्थच पातळ, नाजूक. ज्याचं मन चटकन भरून येतं त्याला तुर्की माणूस ‘युफ्का काळजाचा’ म्हणतो. अकराव्या शतकात महमूद काशगरी यांनी बगदादमध्ये तुर्की बोलींचा जो अरबी कोश रचला, त्यातही या रोटीचा शब्द जुन्या रूपात सापडतो. भटक्या लोकांची ही रोटी. तंबू उचलायचा, लोखंडी तवा घोड्यावर बांधायचा आणि पुढच्या मुक्कामी तीन दगडांवर पुन्हा मांडायचा. भट्टी बांधत बसायला वेळ कोणाला होता?

शनिवारी फजरनंतर अंगणाच्या कोपऱ्यातल्या बुटक्या खोलीतून धूर निघू लागला. खोलीत खिडकी नाही, छताला एक भोक. मध्ये चूल आणि तिच्यावर ‘साज’, म्हणजे मधोमध फुगीर असलेला लोखंडी पत्रा, फुगीर बाजू वर. आपल्याकडे खानदेशात मांडे उलट्या खापरावर भाजतात, रुमाली रोटी उलट्या कढईवर टाकतात, तोच प्रकार. जळण म्हणून द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्या आणि ‘तेझेक’. तेझेक हातात घेताच आम्ही हसलो. त्या सरळसरळ गोवऱ्या होत्या, थापणाऱ्या हाताच्या बोटांसकट. खालांनी आमच्यातल्या बाईमाणसाला पाटाशी बसवलं आणि पुरुषमाणसाला गोवऱ्या वाहायला पाठवलं. पाहुणे म्हणून सूट वगैरे काही नाही.

कणीक लाकडी काथवटीत मळलेली होती, चांगली घट्ट, आणि ओल्या कापडाखाली मुरत ठेवलेली. पुढचं काम तिघींत वाटलेलं असतं. पहिली गोळे करते आणि तळहाताएवढे लाटून पुढे सरकवते. दुसरी ते गोल बुटक्या पाटावर ‘ओक्लावा’ने मोठे करते. ओक्लावा म्हणजे लाटणंच, पण अंगठ्याएवढं बारीक आणि हातभर लांब. ती पोळी ओक्लावावर गुंडाळते, दोन्ही हात मधून कडांकडे सरकवत दाबते, उलगडते, थोडी फिरवते, पुन्हा गुंडाळते. पाच-सहा वेळा असं झालं की दीड-दोन फुटांची पोळी तयार. खालचा पाट तिच्यातून दिसतो. तिसरी ती पोळी ओक्लावावरूनच साजवर पसरते आणि पट्टीसारख्या लांब चपट्या काठीने उलटते. सगळा खेळ काही सेकंदांचा. पातळ पोळी पाटावर थांबली तर कडा सुकतात आणि ताणल्या की फाटतात. साज रिकामा राहिला तर फार तापतो आणि पुढची पोळी जळते. त्यामुळे तिघींपैकी एकीचाही हात थांबून चालत नाही. बोलणं मात्र अखंड चालू होतं. त्यातलं आम्हाला फारसं कळलं नाही, पण कोणाच्या तरी सुनेचा विषय होता हे समजायला भाषा लागत नाही.

ही एका दिवसाच्या जेवणाची तयारी नव्हती. हसनदाग पर्वतावर आमच्यासमोरच पहिलं बर्फ दिसू लागलं होतं. त्या भागातला हिवाळा लांब आणि कडक. म्हणून शरद ऋतूत महिनोन्‌महिने पुरेल इतकी युफ्का करून ठेवायची रीत आहे. साजवर ती पुरती कोरडी, कडक होऊ देतात. ओल उरली नाही की बुरशी धरत नाही. मग एकावर एक रचून, कापडाने झाकून थंड कोरड्या खोलीत ठेवतात. जेवायच्या आधी हव्या तितक्या काढायच्या, हाताने पाण्याचे शिंतोडे मारायचे आणि कापडात गुंडाळायच्या. थोड्या वेळात त्या रुमालासारख्या मऊ होतात. आमच्या समोर दुपारपर्यंत रचलेली चळत गुडघ्याच्या वर गेली होती. एका घरचं झालं की तेच हात दुसऱ्या घरी जातात. पैसा नाही, हिशेब नाही. या एकमेकांच्या कामाला तुर्कीत ‘इमेजे’ म्हणतात. आपल्या खेड्यांतल्या इर्जिकीसारखंच. इथली नांगराची, तिथली चुलीची.

पहिली गरम युफ्का मात्र चळतीवर जात नाही. तिच्यात लोणी आणि चीज घालून तिची गुंडाळी मुलांच्या हातात देतात. नंतर फाटकाशी एक वाटसरू थांबला, त्यालाही गेली. शेजारच्या घरी एक आजारी म्हातारा होता, त्यालाही गेली. तुर्कीत याला ‘गोझ हक्की’ म्हणतात, नजरेचा हक्क. ज्याने अन्न पाहिलं, ज्याच्या नाकापर्यंत वास गेला, त्याचा त्यात वाटा आला. सालनात पाणी वाढवा पण शेजाऱ्याला विसरू नका, हे आपण मुलांना शिकवतोच. तिथे त्यासाठी एक चालता-बोलता शब्द आहे आणि सात वर्षांचं पोरही तो वापरतं, बहुतेक स्वतःच्या फायद्यासाठी. रोटीला ते ‘निमेत’ म्हणतात, आपली नेमत. तुकडा खाली पडला तर उचलतात, ओठांना आणि कपाळाला लावतात आणि कोणाचा पाय पडणार नाही अशा उंच जागी, भिंतीच्या कठड्यावर वगैरे ठेवतात. पाखरं खातात.

आता त्या तिघींविषयी. गोळे करत होत्या खाला. भाजणारी होती त्यांची शेजारीण, वय साठीच्या पुढे. आणि मधली, सर्वांत अवघड काम करणारी, होती तेरा वर्षांची मुलगी, शाळेला सुट्टी म्हणून आलेली. घरातल्या तरुणाने मोडक्या इंग्रजीत आम्हाला उलगडून सांगितलं. या चुलीवर तीस वर्षं ओक्लावा चालवणारी बाई गुडघे गेल्यामुळे मुलाकडे कायसेरीला राहायला गेली. खालांची एक मुलगी अंकाराला, एक जर्मनीत. तुर्कस्तान आणि पश्चिम जर्मनी यांच्यात मजूरभरतीचा करार झाला १९६१ साली. तेव्हापासून अनातोलियातली खेडी तिकडे रिकामी होत आली आहेत आणि इस्तंबूल-अंकारा यांनी उरलेली ओढली. त्या गल्लीत आम्ही कुलपं लावलेली नऊ घरं मोजली. मागच्या वर्षी तिसरा हात मिळाला नाही म्हणून खालांच्या घरी युफ्का झालीच नव्हती. हिवाळाभर त्यांनी बाजारची पावरोटी खाल्ली. हे सांगताना तो तरुण हसला, खाला हसल्या नाहीत.

शहरांत आता ‘युफ्काजी’ची दुकानं असतात. तिथे बोरेक करण्यासाठी अर्धवट भाजलेली मऊ युफ्का किलोवर मिळते, चांगलीही असते. नोकरी करणाऱ्या बाईने ती का विकत घेऊ नये? आमच्या घरीही शेवया विकतच येतात. पण दुकानातली चार दिवसांत संपवावी लागते आणि ती करायला शेजारीण लागत नाही. २०१६ साली युनेस्कोने या रोट्यांच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अर्ज पाच देशांनी मिळून केला होता: अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किरगिझस्तान आणि तुर्कस्तान. (त्याआधी २०१४ मध्ये आर्मेनियाचा लवाश यादीत गेला होता. रोटी कोणाची, यावर शेजाऱ्यांत कुरबुर व्हायचीच.) त्या नोंदीतही लिहिलं आहे की ही रोटी करायला किमान तीन माणसं लागतात. म्हणजे जतन करायचं आहे ते फक्त पीठ-पाण्याचं प्रमाण नाही, तीन माणसांनी एका चुलीशी बसणं हेही आहे, आणि ते यादीत घालून होत नाही. आम्हाला त्या यादीपेक्षा ती तेरा वर्षांची मुलगी जास्त भरवशाची वाटली. तिच्या पोळ्या कडांना जरा जाड होत्या. खाला काही बोलत नव्हत्या, फक्त तिच्याकडे जाणारा प्रत्येक गोळा आधीच थोडा मोठा लाटून देत होत्या. वर्गात जो मुलगा मागे पडतो त्याला बोलून न दाखवता सोपं गणित आधी द्यावं, तसं. बीएडला आम्हाला हे पुस्तकातून शिकवलं होतं.

निघताना आम्ही ‘एल्लेरिनिझे सालिक’ म्हणालो, हातांना आरोग्य लाभो. तिथे जेवण करणाऱ्याला हेच म्हणतात. उत्तर आलं, ‘आफियेत ओल्सुन’. आफियत हा शब्द आपण दुआत रोज मागतो. तिथे तो रोजच्या ताटाशी बसला आहे.

घरी आल्यावर आम्ही युफ्का करू लागलो. ज्यांना करून पाहायची आहे त्यांच्यासाठी: अर्धा किलो पीठ घ्या, निम्मा मैदा आणि निम्मी बारीक चाळलेली कणीक. एक सपाट चमचा मीठ. पाणी कोमट, तीनशे मिलीलिटरच्या आसपास, पण एकदम ओतू नका. पीठ चपातीपेक्षा घट्ट हवं. दहा मिनिटं नेटाने मळून अर्धा तास ओल्या कापडाखाली ठेवा. सोळा गोळे होतात. पोळपाटावरचं जाड लाटणं इथे उपयोगी नाही. सुताराकडून दीड-दोन फूट लांब, अंगठ्याएवढी जाड, गुळगुळीत गोल काठी करून घ्या. कोरडं पीठ सढळ हाताने लावा. लोखंडी कढई गॅसवर उलटी ठेवून चांगली तापू द्या. कढई हलू नये अशी बसवा. तेल-तूप लावायचं नाही. फोड येऊन तपकिरी ठिपके पडले की उलटा, दुसरी बाजू त्याहून कमी वेळ. लगेच खायची असेल तर भाजलेली प्रत्येक पोळी कापडात झाकत जा, म्हणजे आपल्याच वाफेने मऊ राहते. कोथिंबीर, कांदा आणि पनीर किंवा रात्रीचा उरलेला खिमा आत छान लागतो. सहेरीला तर फारच सोयीची, कारण आदल्या दिवशी करून ठेवता येते.

दोन माणसं असली तरी जमतं, मात्र लाटणाऱ्याने एक-दोन पोळ्यांची आघाडी ठेवावी. आमच्याकडे लेक गोळे करते, एक जण लाटतो, एक जण कढई सांभाळतो. कोण काय करणार यावर दर वेळी वाद होतो. आणि महिनोन्‌महिने साठवण्याचा विचार किनाऱ्याच्या हवेत सोडून द्यावा. अनातोलियाचं कोरडं वारं आपल्याकडे नाही. हिवाळ्यात कडक भाजून हवाबंद डब्यात आठवडाभर राहते. पावसाळ्यात केली तर दुसऱ्या दिवशी संपवावी, नाहीतर शेजारी पाठवावी.