गुरुजी पुन्हां बाकावर

एकादी भाषा 'येते' असें आपण केव्हां म्हणावें? विभक्तीचे प्रत्यय पाठ झाले म्हणजे, कीं त्या भाषेंत तहानेच्या वेळीं पाणी मागतां आलें म्हणजे? प्रश्न लहान दिसतो. परंतु वर्गांतील सारी मांडणी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. भाषा शिकवितां शिकवितां आमचीं वीस वर्षें गेलीं. म्हणून या प्रश्नाविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींशीं चार शब्द बोलावे, असें मनांत आहे.

अमेरिकेंत परकीय भाषा शिकविणाऱ्यांची 'ॲक्टफल' या आद्याक्षरी नांवाची एक परिषद आहे. तिनें व तिच्यासारख्या भाषाशिक्षकांच्या इतर संस्थांनीं मिळून १९९६ सालीं शालेय भाषाशिक्षणाचे राष्ट्रीय मानदंड प्रसिद्ध केले. संवाद, संस्कृति, इतर विषयांशीं संबंध, तुलना आणि समाज हे त्यांचे पांच विभाग होत. पुढें या मानदंडांची सुधारून वाढविलेली आवृत्ति निघाली. कॅलिफोर्निया राज्यानेंहि जानेवारी २०१९ मध्यें आपले नवे मानदंड मंजूर केले. तेथें 'परकीय भाषा' असें न म्हणतां 'जागतिक भाषा' असें म्हणतात. आणि तें योग्यच आहे. जी भाषा शेजारच्या घरांत बोलली जाते, तिला परकी कसें म्हणावें?

या मानदंडांचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल. 'मुलास काय ठाऊक आहे?' हा जुना प्रश्न मागें सारून 'मुलास काय करतां येतें?' हा प्रश्न त्यांनीं पुढें आणला. ऐकून अगर वाचून अर्थ लावणें, समोरच्याशीं देवघेव करणें, व जमलेल्यांपुढें आपलें म्हणणें मांडणें, असे संवादाचे तीन प्रकार त्यांनीं मानले आहेत. वर्गांतील निदान ९० टक्के वेळ शिकावयाच्या भाषेंतच जावा, अशीहि त्या परिषदेची शिफारस आहे.

परंतु मानदंड कागदावर असतात आणि वर्ग माणसांनीं भरलेला असतो. जो शिक्षक स्वतः व्याकरण घोकून शिकला, त्याच्या हातीं नवी पुस्तिका दिल्यानें तो नवा होत नाहीं. त्यास पुन्हां विद्यार्थी व्हावें लागतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही अशा एका शिक्षक-वर्गास बसलों होतों. शिकविणाऱ्या बाईंनीं मेजावर पाव, लिंबू व मीठ मांडलें आणि एकदम जर्मन भाषेंत बोलावयास आरंभ केला. आम्हां कोणासहि ती भाषा येत नव्हती. पहिलीं पांच मिनिटें आम्ही एकमेकांच्या तोंडांकडे पाहत होतों. मग हावभावांवरून अर्थ लागूं लागला, व अर्ध्या तासानें प्रत्येकास उठून कांहींतरी मागावें लागलें. ज्यांच्या आवाजानें शाळेंत सारा वर्ग चिडीचूप होतो, अशा एका ज्येष्ठ गुरुजींचा आवाज 'मला मीठ द्या' एवढें म्हणतांना कापला! मागच्या बाकावरचा अबोल मुलगा मठ्ठ नसतो, तो भ्यालेला असतो, हें आम्ही पुस्तकांत पुष्कळ वेळां वाचलें होतें. त्या दिवशीं तें अंगीं लागलें.

पुढील दिवसांचें काम अधिक कठीण होतें. महिनाअखेर मुलास काय करतां यावें हें प्रथम ठरवावयाचें, मग त्याची परीक्षा कशी घ्यावयाची तें, आणि सर्वांत शेवटीं धडे योजावयाचे. मुलांचें ध्वनिमुद्रित बोलणें ऐकून तें कोणत्या पायरीचें आहे यावर चार शिक्षकांचें एकमत करावयाचें. आपल्या वर्गांत दुसऱ्यास बसूं द्यावयाचें व त्याची टीका हंसतमुखानें ऐकावयाची. हें एका दिवसाच्या व्याख्यानानें साधत नाहीं. त्यास वर्षानुवर्षें सोबत लागते.

हें सारें दूरदेशचें आहे, त्याचा आम्हांस काय उपयोग, असें कोणी म्हणेल. परंतु २०२० सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठी टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली, आणि आमच्या वर्गांत घरीं मल्याळम्, गुजराती वा तामीळ बोलणारीं मुलें आहेत. त्यांना मराठी शिकविणें हें मराठी घरांतील मुलास शिकविण्याहून अगदीं निराळें काम आहे. तेव्हां आम्ही एक लहानसा प्रयोग केला. मराठी बोलून पोट भरणाऱ्या एका माणसास त्याच्या कामाविषयीं विचारून यावें व वर्गास सांगावें, एवढाच तो गृहपाठ.

एक केरळी मुलगी वर्षभर वर्गांत अवाक्षर बोलली नव्हती. ती बाजारांतल्या कोळणीपाशीं जाऊन आली. 'वाटा' म्हणजे काय, 'भवानी' झाल्यावांचून कोळीणबाई उधार कां देत नाहीं, हें तिनें अडखळत, लिंग-वचनाच्या चुका करीत, पण थांबल्यावांचून सांगितलें. तिनें ऐकलें, विचारलें आणि मांडलें. संवादाचे तीनहि प्रकार त्यांत आले. टाळ्या वाजल्या तेव्हां ती पहिल्यानेंच हंसली. तिच्या चुका आम्ही दुसऱ्या दिवशीं व्याकरणाच्या तासाला घेतल्या, आणि तो तास तिनें कान देऊन ऐकला. यावरून व्याकरण टाकून द्यावयाचें नसून बोलण्याच्या मागून आणावयाचें, हें उघड होतें.

अडचणी नाहींत असें नाहीं. असा वर्ग गजबजलेला असतो, आणि गजबज म्हणजे बेशिस्त अशी आपली समजूत आहे. वह्या कमी भरतात, तेणेंकरून पालकांस काळजी वाटते. आणि लेखी परीक्षेंत कोळणीशीं बोलण्यास गुण नाहींत. या कारणांनीं पुष्कळ शिक्षक, शिक्षण घेऊन आल्यावरहि, दोन महिन्यांत जुन्या वाटेस लागतात. त्यांस एकटें पडूं न देणें हें मुख्याध्यापकांचें जितकें काम आहे, तितकेंच घराचेंहि आहे.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंति आहे. मूल घरीं आलें म्हणजे 'किती गुण मिळाले?' हें अवश्य विचारा. पण त्याआधीं 'आज नवें काय बोलतां आलें?' असें विचारा. आणि मुलांनो, तुम्ही चुकण्यास भिऊं नका. जो चुकत चुकत बोलतो त्यास भाषा वश होते. जो चुकीच्या भयानें गप्प बसतो, त्याच्यापाशीं ती वहींतच राहते.