चूक कुणाची?

गॅदरिंगमध्ये एका गाण्याला लागूनच दुसरं गाणं म्हणतात ना? साताऱ्यात आमच्या चौथीच्या वर्गानेही म्हटलं. पेटीवर मी होते. पहिलं गाणं पांढरी एकमध्ये, दुसरं काळी एकमध्ये घेतलं. पट्टी बदलली आणि पुढे गाणारी मुलगी गडबडली. मी तिला रागावले. ती रडली.

सुट्टीत सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला गेले. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. एक कारागीर तानपुरा लावत होते. पहिली तार पंचमाची, बाकीच्या षड्जाच्या. ते म्हणाले, "बाई, सा आणि प सख्खे शेजारी!"

घरी येऊन पेटीवर मोजलं. पांढरी एकचा पंचम म्हणजे पांढरी पाच. या दोन पट्ट्यांच्या सात शुद्ध सुरांपैकी सहा सारखेच. काळी एक मात्र पांढरी एकला चिकटून असूनही सारखे सूर दोनच! गाणी जोडताना डीजेसुद्धा हेच बघतात.

शाळा उघडताच सगळ्या वर्गासमोर मी त्या मुलीला म्हटलं, "बाळ, चूक माझी होती." ती हसली.

तुम्हीही पेटीवर मोजून बघा हं!