डॉक्टरांच्या आधीची खोली

‘डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते’ असं सांगितलं, की समोरचा हमखास विचारतो, ‘डॉक्टर?’ मी म्हणते, ‘नाही, ऑप्टोमेट्रिस्ट.’ त्यावर, ‘हां, म्हणजे चष्म्याचा नंबर काढता!’ आणि विषय संपतो. बेळ्ळंदूरच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांपासून निपाणीच्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांचं यावर एकमत आहे. माझ्या मामांचं निपाणीत चष्म्याचं दुकान. मी बारावीनंतर पुण्याला हा कोर्स करायला निघाले, तेव्हा मामा म्हणाले होते, ‘चार वर्षं शिकून चष्मेच विकणार, तर आत्ताच गल्ल्यावर बस की!’

मामांचं अगदीच चूक नव्हतं. चष्म्याचा नंबर हा आमच्या कामाचा पाया आहेच. पण त्या चार वर्षांत, त्यातही शेवटच्या इंटर्नशिपच्या वर्षात, एक गोष्ट पक्की कळली. माणूस नंबर काढायला येतो, म्हणून तर तो सापडतो. काचबिंदू दुखत नाही, मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावर होणारी खराबी सुरुवातीला कळत नाही. ‘माझ्या डोळ्याची नस खराब झाली आहे का बघा’ असं म्हणत कुणी येत नाही. ‘पेपर लांब धरावा लागतो’ म्हणत येतो. पहिल्यांदा तो आमच्या खोलीत बसतो, डॉक्टरांच्या नाही.

शिक्षण संपलं आणि नोकरी मिळाली ती बेंगळुरूत, एका मोठ्या हॉस्पिटल समूहाच्या नेत्रविभागात. अनेक शहरांत शाखा, सगळीकडे एकच सॉफ्टवेअर, एकसारखी केसपेपरची चौकट. आमची शाखा आउटर रिंग रोडपासून जवळ. 2015 नंतर फेसानं आणि आगीनं देशभर गाजलेला बेळ्ळंदूरचा तलाव इथलाच. रस्त्याच्या कडेनं इकोस्पेस, इकोवर्ल्ड अशी काचेच्या इमारतींची रांग, मधून मेट्रोचं बांधकाम, आणि मागच्या गल्ल्यांत त्या इमारती झाडणाऱ्या, राखणाऱ्या, बांधणाऱ्या लोकांच्या पत्र्याच्या खोल्या. त्यामुळे ओपीडीत दोन्ही जग एकाच बाकावर बसतात. दिवसभर स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटणंच कमी झाल्यानं डोळे कोरडे पडलेले इंजिनियर, लग्नाआधी लेसिक करून चष्मा घालवायचा म्हणून आलेले तरुण, आणि रात्री उशिरा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणत येणारे वेल्डर. मास्क न लावता वेल्डिंग केलं, की चार-सहा तासांनी हा त्रास सुरू होतो, म्हणून ते नेहमी रात्रीच येतात.

त्यातला एक पेशंट मी अजूनही नव्या मुलांना सांगते. कॅब चालवणारा, चाळिशी नुकतीच ओलांडलेला, कलबुर्गीकडचा. मी माझ्या बेळगावी कन्नडमध्ये ‘बर्री, कूड्री’ म्हटल्याबरोबर त्याचे खांदे सैल झाले. बेंगळुरूत आमच्या कन्नडला लोक हसतात, पण उत्तर कर्नाटकातला माणूस ती ऐकून मोकळा बोलतो. त्याला जवळचा चष्मा हवा होता, बुकिंगचा मेसेज वाचता येत नव्हता. गाडी खाली उभी होती, तासाभरात एअरपोर्टची ट्रिप होती. ट्रायल फ्रेम चढवली, प्लस एकची भिंगं टाकली, त्यानं मोबाइल वाचला आणि उठायला लागला. लांबचं दोन्ही डोळ्यांनी 6/6. हवा मारून दाब मोजणाऱ्या यंत्रानं 18 दाखवलं, म्हणजे चालण्यासारखं. ‘बस्स’ म्हणून कागद हातात द्यायला हरकत नव्हती.

मी त्याला स्लिट लॅम्पवर बसवलं आणि भिंग धरून आत बघितलं. डोळ्याच्या मागच्या बाजूला जिथून नस निघते, तिथं मधोमध एक फिकट खळगा असतो. प्रत्येकाला असतो, लहान-मोठा असतो. याचा डावा खळगा उजव्यापेक्षा उघड मोठा होता आणि त्याची खालची कड झिजलेली दिसत होती. ‘घरात कुणाची नजर गेली होती?’ विचारलं. वडिलांची गेली होती, ‘वय झालं म्हणून’. आणि मग तो आपणहून म्हणाला, की हल्ली बाइकवाले कुठून येतात तेच कळत नाही, एकदम समोर उगवतात.

दाब नॉर्मल आकड्यात असूनही काचबिंदू असू शकतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं. ओपीडीत ती ओळ म्हणजे ट्रिप चुकणार म्हणून अस्वस्थ झालेल्या माणसाला ‘थांबा’ म्हणणं असतं. मी काचबिंदूच्या डॉक्टरांना फोन केला, मध्येच घेण्याची विनंती केली. निदान त्यांचं, उपचारही त्यांचेच. पण त्यांच्यापर्यंत तो पोचण्याच्या आधी आणि नंतर किती हात लागले, तेच मला सांगायचं आहे.

नजरेचा परीघ मोजणारी ‘फील्ड’ची तपासणी एका अंधाऱ्या खोलीत होते. पांढऱ्या घुमटात बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं, नजर मधल्या दिव्यावरून हलवायची नाही. पेशंट कंटाळला किंवा डोळा फिरवला, की अख्खी तपासणी वाया. ती घेणारी आमची टेक्निशियन डिप्लोमावाली, रायचूरकडची. पेशंटच्या कानाशी हळू आवाजात ती ‘मधेच बघा, छान चाललंय’ म्हणत राहते, पापणी जड झाली की यंत्र थांबवून विश्रांती देते. तिचा रिपोर्ट विश्वासार्ह येतो, म्हणून डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. या गृहस्थाच्या डाव्या डोळ्याचा वरचा भाग काळा आला. मग समुपदेशक बसली. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची आहे. थेंब रोज त्याच वेळी, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून ठेवायचा, दुखत नाही म्हणून बंद करायचं नाही. फार्मसीतल्या मुलानं डॉक्टरांना विचारून तेच औषध स्वस्तातलं काढून दिलं, कारण जन्मभर घ्यायचं औषध परवडलं नाही तर तिसऱ्या महिन्यात बंद होतं. आणि मी त्याला सांगितलं, भावंडांना घेऊन ये. पुढच्या भेटीला तो थोरल्या बहिणीला घेऊन आला.

मोठ्या व्यवस्थेतल्या नेत्रसेवेचं करिअर म्हणजे ही साखळी. इथं प्रत्येकाचं काम लहान आणि खोल असतं. मोतीबिंदूचंच घ्या. फेको शस्त्रक्रिया चांगल्या हातात दहा-पंधरा मिनिटांत होते. पण आत कोणत्या पॉवरची लेन्स बसवायची, ते आधीच्या मोजमापावर ठरतं. डोळ्याची लांबी एक मिलिमीटर चुकली, तर नंबरात साधारण अडीच ते तीनचा फरक पडतो. मोतीबिंदू फार पिकलेला असेल, तर प्रकाशावर चालणारं यंत्र लांबी घेत नाही, मग अल्ट्रासाउंडचा प्रोब बुबुळाला टेकवून घ्यावी लागते. तो किंचित जरी दाबला गेला, तर डोळा चपटतो, लांबी कमी येते, जास्त पॉवरची लेन्स बसते आणि झकास ऑपरेशन होऊनही पेशंटला लांबचं धूसर दिसतं. मुलाकडे राहायला आलेल्या वाईच्या एका आजींचं मोजमाप घेताना, ‘आजी, श्वास घ्या, पण हलू नका’ म्हणत आमच्या सहकाऱ्यानं ते पुन्हा पुन्हा घेतलं, आकडे जुळेपर्यंत. आजी वैतागल्या. ‘अहो, शिंप्यानंसुद्धा एवढी मापं घेतली नव्हती कधी!’ डिस्चार्जच्या कागदावर त्या सहकाऱ्याचं नाव नव्हतं. पण आजींना जे स्वच्छ दिसलं, त्यात त्याच्या हलक्या हाताचा वाटा सर्जनइतकाच होता.

डॉक्टर नसलेल्यांवर एवढी जबाबदारी टाकण्याची कल्पना आपल्याकडे दक्षिणेत मुरली. डॉ. जी. वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 मध्ये मदुराईत 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. खेड्यातल्या बारावी झालेल्या मुलींना दोन वर्षं शिकवून त्यांनी तपासणीपासून शस्त्रक्रियागृहापर्यंतची कामं त्यांच्या हाती दिली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेनं ‘व्हिजन टेक्निशियन’ घडवून साधारण 50,000 वस्तीमागे एक दृष्टिकेंद्र उभं करण्याची पद्धत बसवली. चेन्नईच्या शंकर नेत्रालयानं 1985 मध्ये ऑप्टोमेट्रीचं कॉलेज काढलं. आमच्यापासून फार दूर नसलेल्या कुंदलहळ्ळीला शंकरा आय हॉस्पिटल आहे, पैसे देणाऱ्या पेशंटांच्या जोरावर गरिबांच्या मोफत शस्त्रक्रिया करणारं. देशात 2015 ते 2019 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वापैकी जवळजवळ दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळेच निघालं. इतकी माणसं एकट्या डॉक्टरांच्या जोरावर तपासून होणारी नाहीत.

या क्षेत्रात वाटा किती, हे मलाही आत आल्यावरच कळलं. लहान मुलांचा आळशी डोळा आणि तिरळेपणा, कॉन्टॅक्ट लेन्स, ऑपरेशन करूनही ज्यांची नजर सुधारणार नाही त्यांच्यासाठी लो व्हिजन, पडद्याचे फोटो आणि ओसीटी (थरांचे स्कॅन) काढणारी मंडळी, ऑपरेशन थिएटरमधले तंत्रज्ञ, शिबिरं लावणारे, यंत्रं दुरुस्त करणारे बायोमेडिकल इंजिनियर. माझी एक मैत्रीण नेत्रपेढीत गेली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत बुबुळं घ्यावी लागतात. म्हणजे घरात रडारड चालू असताना दारात जाऊन बोलायचं काम. 29 ऑक्टोबर 2021 ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार, चाहत्यांचे ‘अप्पू’, गेले, नारायण नेत्रालयाच्या डॉक्टरांनी त्यांच्या बुबुळांचे थर वेगळे करून चौघांना दृष्टी दिली, आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरायला लोकांची रीघ लागली. मैत्रीण म्हणते, ‘पूर्वी मला दारात समजावत बसावं लागायचं. आता लोक अप्पूचं नाव काढतात आणि स्वतःच फोन करतात.’

मोठ्या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. इथं सगळं मोजलं जातं. एका पेशंटला किती मिनिटं, नंबर काढलेल्यांपैकी कितीजणांनी आमच्याच दुकानातून चष्मा घेतला, लेसिकची चौकशी केलेल्यांपैकी कितीजण टेबलावर आले. पूर्वी आमच्या महिन्याच्या बैठकीत पडद्यावर हेच आकडे असायचे. लेसिकसाठी आलेल्या एका मुलाच्या बुबुळाच्या नकाशात खालचा भाग किंचित उंचावलेला दिसला, केराटोकोनसची, म्हणजे बुबुळ पातळ होऊन पुढे फुगण्याच्या आजाराची, शंका आली, तर त्याला परत पाठवणं हे त्या तक्त्यात ‘गेलेला पेशंट’ म्हणून नोंदलं जायचं. खरं तर अशा डोळ्यावर लेसिक केलं, तर बुबुळ आणखी कमकुवत होऊन नजर बिघडते. त्याला थांबवणं हाच त्या महिन्यातला आमचा सगळ्यात चांगला निर्णय होता. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

पगाराचंही साफ सांगते. सुरुवातीचा पगार पाहून बेळ्ळंदूरमध्ये घर शोधू नये, सर्जापूर रोडला आत कुठंतरी तिघी-चौघींनी खोली घ्यावी. दोन-तीन वर्षांनी सीनियर, मग शाखेच्या ओपीडीची प्रमुख, मग अनेक शाखांची जबाबदारी, अशी एक शिडी आहे. पैसा तिथं लवकर वाढतो, पेशंट मात्र सुटतात. दुसरी शिडी कौशल्याची. एखाद्या विषयात फेलोशिप, मास्टर्स, शिकवणं. तिथं पैसा हळू वाढतो, पण डॉक्टर तुमच्या सहीवर विसंबतात. 2021 च्या कायद्यानं ऑप्टोमेट्री आणि इतर संलग्न आरोग्यसेवांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. नोंदणी, अभ्यासक्रम, कामाची मर्यादा हे सगळं त्यामुळे चौकटीत येऊ लागलंय. नाहीतर सहा महिन्यांचा कोर्स केलेला आणि चार वर्षं शिकलेला एकाच पाटीखाली बसत होते.

मला शाखांची जबाबदारी देऊ केली, तेव्हा मी एकच अट घातली, आठवड्यातले काही दिवस ओपीडी माझी राहील. आणि ज्या तक्त्यावर पूर्वी चिडायचे, त्यात एक रकाना वाढवून घेतला : ऑप्टोमेट्रिस्टनं पुढे पाठवलेले पेशंट आणि त्यातल्या कितीजणांना खरंच आजार निघाला. पहिले काही महिने त्या रकान्याकडे कुणी बघितलं नाही. आता बैठकीत डॉक्टर आधी तोच बघतात, कारण कोण डोळे उघडे ठेवून काम करतंय ते त्यातच कळतं.

माणसं निवडतानाही मी रेटिनोस्कोपी किंवा सूत्रं विचारत बसत नाही, ती शिकवता येतात. मी विचारते, ‘चष्म्यासाठी आलेला कुठला पेशंट तू डॉक्टरांकडे पाठवलास, आणि का?’ मागच्या भरतीत चांगले गुण मिळवलेला एक मुलगा यंत्रांची नावं सांगत राहिला. त्याच दिवशी एक डिप्लोमावाली मुलगी म्हणाली, ‘एक बाई दर दोन-तीन महिन्यांनी नंबर बदलला म्हणून यायच्या. तिसऱ्यांदा मी चष्मा दिलाच नाही, आधी साखर तपासायला पाठवलं.’ रक्तातली साखर वर-खाली झाली, की डोळ्याच्या आतल्या भिंगाला सूज येते आणि नंबर हलतो, हे तिला नीट मांडता येत नव्हतं, पण नंबर का हलतोय हा प्रश्न तिला पडला होता. जागा तिला दिली. डिग्री नसल्यामुळे मनुष्यबळ विभागानं खुलासा मागवला. तो मी लेखी दिला आणि पुढच्या भरतीच्या प्रश्नपत्रिकेत तोच प्रश्न पहिला घातला.