डबल कार्डांचं भांडवल

कार्डांचा संग्रह पूर्ण करायचा असेल तर नुसती पाकिटं फोडत बसू नका, असं मी कळमेश्वरातल्या आमच्या गल्लीतल्या पोरांना सांगत असतो. ऐकत एकही नाही.

‘द सिम्स 4’ या कॉम्प्युटरवरच्या खेळात आपण माणसांचे संसार चालवायचे: घर बांधा, नोकरी लावून द्या, पोरांचा अभ्यास घ्या. त्याच्या ‘किड्स रूम स्टफ’ या 2016 सालच्या पॅकमध्ये खेळातल्या लहान मुलांसाठी व्हॉइडक्रिटर नावाच्या चिमुकल्या राक्षसांची 20 कार्डं आहेत. ती जमवायची आणि राक्षसांना तयार करून त्यांची झुंज लावायची. मूळ खेळ ऑक्टोबर 2022 मध्ये फुकट झाला, पण हा पॅक विकतचाच राहिला. तो माझ्या कॉम्प्युटरवर आहे, म्हणून संध्याकाळी गर्दी माझ्याकडे.

पोरांची चूक एकच. सुरुवातीला भराभर नवी कार्डं निघतात, त्यामुळे शेवटपर्यंत असंच निघत राहील असं त्यांना वाटतं. प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखी आहे असं धरा. मग 20 पुरी व्हायला सरासरी 72 कार्डं काढावी लागतात. पहिली 10 तेरा-चौदा कार्डांतच हाती येतात. उरलेल्या 10 ना जवळपास 59 लागतात. म्हणजे निम्मा संग्रह झाला तेव्हा खर्चाचा पाचवा हिस्साही झालेला नसतो. एकट्या शेवटच्या कार्डासाठी सरासरी 20 काढावी लागतात. आणि ही सरासरी झाली. नशीब फुटकं असेल तर विचारूच नका.

संग्रह मोठा असेल तर हे प्रकरण घर विकायला लावणारं. इटलीतल्या मोदेना गावच्या पानिनी कंपनीचा 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाचा आल्बम 670 स्टिकरांचा होता, पाकिटात पाच. एकट्यानं, अदलाबदल न करता तो भरायचा म्हटलं तर सरासरी साडेनऊशे पाकिटं लागतील. शेवटची थोडी स्टिकरं कंपनीकडून थेट मागवता येतात, ती सोय उगीच ठेवलेली नाही.

तेव्हा खरी मेहनत अदलाबदलीत आहे, आणि तिथं भांडवल म्हणजे डबल आलेली कार्डं. पोरं डबल निघालं की तोंड वाकडं करतात. मी ते जपून ठेवतो आणि वहीत मांडतो: पहिल्या रकान्यात काय आहे, दुसऱ्यात काय डबल आहे, तिसऱ्यात कुणाजवळ काय आहे. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा.

अदलाबदलीचा भाव कायम सारखा नसतो. पाच कार्डं असताना समोरचं जवळपास कुठलंही आपल्याला नवंच असतं, तेव्हा एकाला एक हाच सौदा बरा. पण 18 झाली की राहिलेल्या दोनपैकी एक पाकिटातून यायला सरासरी 10 कार्डं काढावी लागतात. अशा वेळी त्या एकासाठी तीन डबल दिली तरी आपणच फायद्यात. हे मी एका चुणचुणीत पोराला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, “एकाला तीन? मी काय येडा आहो का, काकाजी?” त्याची दोन अजून राहिलीच आहेत.

ही अक्कल मला कॉम्प्युटरनं दिलेली नाही, ती बबलगमची आहे. आमच्या लहानपणी ‘बिग फन’बरोबर क्रिकेटपटूंची कार्डं यायची. त्यातच 31 ऑक्टोबर 1987 ला रिलायन्स विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना नागपुरात झाला. चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली, विश्वचषकातली पहिली. आणि गावस्करनं 88 चेंडूंत नाबाद 103 केले, एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं एकुलतं एक शतक. दुसऱ्या दिवशी गावस्करच्या कार्डाचा भाव असा चढला की विचारू नका. कार्डं तेवढीच होती, छपाई काही कमी झाली नव्हती. सगळ्यांना तो एकदम हवासा झाला, एवढंच. ज्यांनी आदल्या आठवड्यात दोन गावस्कर दाबून ठेवले होते, ते गल्लीचे सावकार झाले. सिम्समध्ये हा भाग फिका आहे. तिथल्या कुठल्याच राक्षसाची आदल्या दिवशी नागपुरात सेंच्युरी झालेली नसते.

काही बारीकसारीक गोष्टी. सिम्समध्ये संग्रहाची यादी अख्ख्या घराच्या नावावर चढते, तेव्हा घरात एकाऐवजी दोन पोरं ठेवून दोघांनाही कामाला लावा. वय वाढणं सेटिंगमधून बंद करता येतं. ते करा, नाहीतर अर्ध्या संग्रहातच पोरगं किशोरवयीन व्हायला लागतं. खेळ सेव्ह करायचा, पाकीट फोडायचं, डबल निघालं की पुन्हा जुनं सेव्ह उघडायचं, अशी एक चलाखी पुष्कळ खेळांत चालते. मला ती पटत नाही. डबल पडलंच नाही तर द्यायला हातात काय राहील?

आणि आपल्याला नेमकं कुठलं कार्ड हवंय हे समोरच्याला कधी सांगू नका. नाव तोंडातून निघालं की भाव वाढलाच म्हणून समजा. आधी त्याला काय हवंय ते विचारा.

कळमेश्वर-ब्राह्मणीत कुणाच्या जुन्या पेटीत ती बबलगमची कार्डं निघाली, तर कृपा करून रद्दीत घालू नका. माझ्याकडे घेऊन या, एकाला तीन देईन. कुठलं हवंय ते मात्र तुमची पेटी पाहिल्यावर सांगेन.