सुप्याची चटई

सुपे पाण्याखाली जाणार हे पक्कं झालं तेव्हा आईनं भांडी बांधली, भिंतीवरचा क्रूस उतरवला आणि चटई गुंडाळून माझ्या खांद्यावर दिली. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं आमचं गाव. आज तिथं सुपा धरणाचं पाणी आहे. आम्ही रामनगरला आलो. घरी कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड, असं आमचं जोयडा तालुक्यातलं बोलणं. नव्या घरातही तिन्हीसांजेला तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, सगळे त्याच चटईवर गुडघे टेकायचे.

बेळगावला कॉलेजात गेलो तेव्हा ती ट्रंकेला बांधून नेली. दर बुधवारी रात्री वसतिगृहाच्या खोलीत ती पसरायची. आधी आम्ही पाच-सहाजण, पुढं इतके की काहींना लादीवर बसावं लागे. खानापूरचा मेथडिस्ट, हल्याळचा सिद्दी, मी कॅथलिक. शुभवर्तमानातला एक उतारा वाचायचा, मग मेसच्या आमटीपासून बापाच्या कर्जापर्यंत सगळं निघायचं. नोकरीला लागलेला एक दादा शहरातून सायकलवर यायचा. बोलायचा थोडं. निघताना प्रत्येकाला विचारायचा, ‘जेवलास काय?’ मी नापास झालो त्या आठवड्यात तो तीनदा आला.

असं बसणं आमच्या कितीतरी आधीचं. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट भारतात १९१२ सालापासून, कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ १९२४ पासून. पण मला जवळचे वाटतात ते रेव्हरंड टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. आमच्यातही वारकरी घरातला एकजण यायचा. त्याला कुणी ओढलं नाही, कुणी उठवलंही नाही.

कॉलेज सोडताना चटई मागच्या मुलांकडे दिली. ती बरीच वर्षं हातोहात फिरली. मग एका जूनमध्ये निरोप आला: घ्यायला कुणी नाही, घेऊन जा.

सेमिस्टर आलं, परीक्षा संपेनात. मुलं पीजीत विखुरली, सुटीला गोव्यातल्या हॉटेलांत कामाला जाऊ लागली. चार मुलं खोलीत प्रार्थना करतात म्हटलं की घरमालकाला धर्मांतराचा संशय येऊ लागला. एवढं सगळं झालं. पण त्या दादासारखा मी कुणाच्या खोलीवर गेलो नाही, हेही झालं. नोकरी, संसार, चर्चच्या कमिट्या. युवा मेळावे आम्ही भरवले, मांडव घातला, स्पीकर लावले. मेळावा संपल्यावर सोमवारी कोणता मुलगा एकटा पडलाय, हे पाहायला आमच्यातलं कुणी गेलं नाही. याची खंत मला झोपू देत नाही.

गेल्या पावसाळ्यात बेळगावला शिकणाऱ्या पुतण्याचा फोन आला. त्याचा सोबती पंधरा दिवस खोलीबाहेर पडला नव्हता. ‘काका, त्याला काय सांगू?’ म्हटलं, सांगू नको, नुसता बसून ये. आठवड्यानं मीही गेलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात चटई काढली, कडेची सुटलेली वीण नायलॉनच्या दोऱ्यानं शिवली आणि प्लास्टिकमध्ये बांधून बसच्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन बेळगावला नेली.

आता बुधवारी चौघं बसतात. खोली लहान, म्हणून चटई अर्धीच उलगडतो. उरलेली भिंतीकडे गुंडाळलेली असते. दार मात्र नुसतं लोटून ठेवतो.