पाणी उतरायची वाट

आमच्या माढा तालुक्यात उन्हाळा लागला की माणसं भेटल्यावर आधी उजनी धरणाचं विचारतात, मग तब्येतीचं. एसटी स्टँडवर, कटिंगच्या दुकानात, मयताला आलेल्या पाहुण्यांतसुद्धा. उजनी किती टक्के? शून्यावर आली की उपयुक्त साठा संपला, त्याच्याही खाली गेली की ‘मायनस’. या एका आकड्याच्या धाकात मी लहानाचा मोठा झालो. पुढं नोकरीनिमित्त फ्लोरिडात आलो, त्यालाही आता बावीस वर्षं झाली. शनिवारी पहाटे चार वाजता गाडीला होडी जोडण्याआधी मी अजूनही फोनवर असाच एक आकडा बघतो. हा मात्र फुटांत असतो, आणि वाढलेला दिसला की माझं तोंड उतरतं.

पाणी वाढलं म्हणून वाईट वाटायचं. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे जमायला वेळ लागतो.

तळ्याचं नाव ओकीचोबी. हिचिटी भाषेत ‘ओकी’ म्हणजे पाणी आणि ‘चुबी’ म्हणजे मोठं. नाव ठेवणाऱ्यानं फार डोकं चालवलेलं नाही, पण बघितल्यावर दुसरं काही सुचतही नाही. १,८९० चौरस किलोमीटरचा पसारा. मधोमध होडी नेली तर कुठलाच काठ दिसत नाही. आणि एवढ्या पसाऱ्याची सरासरी खोली नऊ फूट! आमच्या मळ्यातली विहीर याच्या पाच-सहा पट खोल आहे. ही परात आहे, तांब्या नव्हे. म्हणूनच इथं एका फुटाला एवढी किंमत. मी एकदा सवयीनं टीएमसीत हिशेब करून बघितला. ओकीचोबीचं एक इंच पाणी म्हणजे ढोबळमानानं पावणेदोन टीएमसी. सहा फूट चढलं की अख्खी उजनी त्यात आली.

फोनवरचा आकडा मात्र खोलीचा नसतो, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा असतो. बारा ते पंधराच्या दरम्यान असला की तळं सुखात. सोळाच्या वर महिनोन्‌महिने राहिलं की तळाचं गवत मरायला लागतं. आणि गवत गेलं की बास गेला.

बासबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा मासा आपल्याकडं नाही. अंगानं हिरवट, बाजूला काळसर पट्टा, आणि तोंड एवढं की मोठ्या मादीच्या जबड्यात माझी मूठ जाते. पाठलाग करून खाणं त्याला आवडत नाही. गवताच्या कडेला दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की एका झटक्यात आत ओढून घेतो. फ्लोरिडातल्या या बासची जातच वेगळी असल्याचं २०२२ साली जनुकांवरून ठरलं. जुनं शास्त्रीय नाव याच्याकडं राहिलं आणि उत्तरेकडच्या भाऊबंदांना दुसरं मिळालं. तळ्यावरच्या कुणाला त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या लेखी हा आधीपासूनच वेगळा होता, मोठाही होता.

लहानपणी मामाच्या गावाला उजनीच्या फुगवट्यावर कळकाची काठी आणि गांडूळ घेऊन बसायचो. घावेल तो मासा घरी, आणि रात्री कालवण. इथला नियम माणशी दिवसाला पाच बास असा आहे, त्यातही सोळा इंच किंवा त्याहून लांब एकच. प्रत्यक्षात बासच्या नादी लागलेली माणसं एकही घरी नेत नाहीत. मोठा मासा म्हणजे मादी, आणि तिच्या पोटात पुढच्या वर्षीचं तळं. हे मला पटलं, पण फोनवर आईला पटवणं मला अजून जमलेलं नाही.

“काय घावलं का?”

“घावला की. साडेतीन किलोचा.”

“मग? केलं का कालवण?”

“सोडून दिला.”

पलीकडं थोडा वेळ काहीच नाही. मग, “गेलतास कशाला?”

मला ही विद्या मूर हेवनच्या एका म्हाताऱ्यानं शिकवली. आयुष्यभर वाटाड्याचं काम केलेला माणूस. बोलणं कमी, थुंकणं जास्त. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या दोऱ्याला गळ लावलाच नाही. नुसतं चौदा ग्रॅमचं टंगस्टनचं वजन बांधून दिलं आणि म्हणाला, फेक, हळूहळू ओढ आणि खाली काय आहे ते सांग.

मी म्हटलं, पाणी आहे.

दुपारपर्यंत तेच चाललं होतं. रॉडच्या पुढं दोरा तर्जनीवर घ्यायचा आणि टोक खाली ठेवून वजन तळावरून सरकवायचं. शिंपल्यांचा थर असला की बोटाला टिकटिक लागते, खिशात चिंचोके एकमेकांवर घासावेत तशी. वाळू असली की वजन रव्यातून बोट फिरवावं तसं जातं. पेपरग्रास नावाची एक पाणवनस्पती आहे, तिच्या देठात वजन अडतं, जरा ताण दिला की तट्‌कन सुटतं, पुढच्या देठात पुन्हा अडतं. ईलग्रासची पानं रिबिनीसारखी लांब आणि बुळबुळीत. त्यातून वजन येताना ओला पदर हातातून सुटत गेल्यासारखं वाटतं. आणि चिखल असला तर काहीच लागत नाही. वजन कुठं टेकलं तेसुद्धा कळत नाही. चिखल आला की म्हातारा नुसती मान हलवायचा आणि होडी पुढं घ्यायचा.

गळ मिळाला तो चौथ्या खेपेला. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. रबरी किड्याला बास लागतो तेव्हा दरवेळी हिसका बसतोच असं नाही. पुष्कळदा दोरा नुसता हलका होतो. बोटावर असलेलं वजन एकाएकी नसतं. मासा ते तोंडात घेऊन तुमच्याच दिशेनं येत असतो. त्या नसण्यावर रॉड मारायचा. नवखा माणूस तिथं क्षणभर विचार करतो, आणि तेवढ्यात बासला रबर कळतं.

मी तळ्यावर जायला लागलो ते २००७ च्या दुष्काळानंतर. त्याआधीचा काळ वाईट होता. २००४ च्या सप्टेंबरात फ्रान्सिस आणि जीन अशी दोन वादळं लागोपाठ आली, पुढच्या वर्षी विल्मा. पाणी अठरा फुटांना भिडलं. एवढ्या उथळ तळ्यात वारा थेट तळापर्यंत पोचतो. मधल्या भागातला सगळा गाळ उचलला गेला आणि काठाकडच्या स्वच्छ पाण्यात मिसळला. खाली ऊन पोचेना, गवत कुजलं. पिल्लांना लपायला जागा राहिली नाही, त्यामुळं मोठे मासे म्हातारे होत गेले आणि त्यांच्या मागं कुणी आलंच नाही. मग २००७ साली पाऊस रुसला. २ जुलैला आकडा ८.८२ वर आला, आजवरचा नीचांक. होड्या सोडायचे उतार कोरडे पडले, काठची दुकानं ओस पडली, आणि पेपरात भेगाळलेल्या जमिनीचे फोटो. ते फोटो बघून मला घरच्यासारखं वाटलं.

म्हातारा मात्र खुशीत होता. उघड्या पडलेल्या गाळाला ऊन लागलं, दडून राहिलेलं बी रुजलं. पाणी परत आलं तेव्हा खाली रान तयार होतं. “आता तुझी चार वर्षं मजा आहे,” तो म्हणाला. चारच्या जागी सहा-सात मिळाली.

त्या वर्षांत मी जीपीएसमध्ये एकेक खूण टाकत गेलो. जिथं बोटाला गवत लागलं, तिथं एक आकडा. अशा एकेचाळीस खुणा. आज त्या पडद्यावर उघडल्या की पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. २०१७ ला इर्मा वादळ आलं, पाणी सतराच्या वर गेलं, निम्मे ठिपके गेले. २०२२ च्या इयननंतर तळं दीड-दोन महिन्यांत तीन फुटांच्या आसपास चढलं आणि पुढं फार काळ चढलेलंच राहिलं. आता एकेका ठिपक्यावर जायचं, मोटर बंद करायची, वजन सोडायचं. काहीच लागत नाही. पुढचा ठिपका. काहीच नाही. बोटं शाबूत आहेत, कसब शाबूत आहे, पत्तेही बरोबर आहेत, फक्त त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही. तरी मी तीन वर्षं त्याच ठिपक्यांवर जात राहिलो. शहाण्या माणसानं नव्या जागा शोधल्या असत्या.

दोष कुणाचा, यावर होड्यांच्या धक्क्यावर कधीही भांडण लावता येतं. बहुतेकांचा राग औषध फवारणाऱ्यांवर. जलपर्णी माजू नये म्हणून इथं तणनाशक मारतात, ते गवतालाही मारतं, असं म्हणणं. त्यावरून एवढा ओरडा झाला की २०१९ च्या जानेवारीत राज्यभर फवारणी काही काळ थांबवली होती. मला यात निम्मंच पटतं. जलपर्णीच्या गालिच्याखाली बास बसतो हे खरं. चाळीस ग्रॅमचं वजन वरून आपटून, गालिचा फोडून खालचा मासा काढणं हा तर माझा आवडीचा उद्योग. पण मोकळी सोडलेली जलपर्णी काय करते हे पुण्याची मुळा-मुठा बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

खरी गोम भिंतीत आहे. १९२८ च्या वादळात तळं दक्षिणेला फुटलं आणि अडीच हजारांहून जास्त माणसं बुडाली, त्यात बहुतांश शेतात राबणारे काळे मजूर. त्यानंतर तळ्याभोवती बांध घातला गेला, आज तो २३० किलोमीटर आहे. त्याआधी पाणी चढलं की तळं पसरायचं, दक्षिणेकडून एव्हरग्लेड्सच्या दलदलीत उतरायचं, आणि गवतही पाण्याबरोबर मागं सरकायचं. आता मागं सरकायला जागा नाही. पाणी चढलं की सरळ उभं चढतं. उत्तरेकडून येणारी किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात सरळ करून टाकली. १६६ किलोमीटरची वळणं गेली, ९० किलोमीटरचा कालवा आला. पूर्वी जे पाणी दलदलीत रेंगाळून, गाळून यायचं ते गुरांच्या कुरणांतलं फॉस्फरस घेऊन धावत यायला लागलं. नदीचा काही भाग पुन्हा वळणावर आणलाय, ते काम २०२१ ला संपलं. पण पाणी अजूनही येतं झपाट्यानं आणि निघतं सावकाश. पूर्व-पश्चिमेला सोडलं की खाड्यांकाठची माणसं आमच्या दारात शेवाळ नको म्हणतात. त्यांचंही चुकत नाही, २०१६ चं ते हिरवं साय धरलेलं पाणी मी बघितलंय.

आणि दक्षिणेला ऊस. क्लुइस्टनच्या बाजूनं होडी सोडली की हिवाळ्यात धुराचे लोट दिसतात, होडीवर काळी राख पडते. आमच्याकडं बहुधा ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, इथं तोडणीआधी उभा फडच पेटवतात. पण वास तोच. या ऊसवाल्यांना उन्हाळ्यासाठी तळं भरलेलं हवं असतं. होडीवरचे माझे सोबती त्यांना शिव्या घालतात तेव्हा मी गप्प बसतो. आमची जमीन कॅनॉलच्या टेलला. पाणी आपल्यापर्यंत पोचेल का, या काळजीनं रात्री बांधावर बसलेले वडील मी बघितलेत.

२०२४ च्या डिसेंबरात मात्र एक चांगलं झालं. गवत वाचवायचं म्हणून मुद्दाम पाणी सोडायला सुरुवात झाली, ते मार्चपर्यंत चाललं. पुढं पाऊसही लांबला. मे महिन्यात आकडा बाराच्या खाली. त्याची किंमत मीही मोजली. दक्षिणेच्या खडकावर प्रोपेलरची दोन पाती गेली, आणि परत येईस्तोवर ऊन डोक्यावर.

त्याच्या आदल्या शनिवारी मी सतरा नंबरच्या ठिपक्यावर होतो. पाणी जेमतेम मांडीएवढं. वजन टाकलं, ओढलं. चिखल. पुन्हा टाकलं. चिखल. मग एका जागी बोटावर काहीतरी ओलं सरकलं. मासा नव्हे. मी रॉड मारला नाही, हळू गुंडाळत आणलं. गळाला ईलग्रासचं एक पान आणि त्याला दोऱ्यासारखं पांढरं मूळ. वीतभरसुद्धा नाही. एरवी गळाला गवत आलं की मी वैतागून ओरबाडून फेकतो. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांमुळं त्याला आता होडीत चढता येत नाही, म्हणून फोटो काढून पाठवला. त्याचं उत्तर आलं : “नखानं मूळ तोडलंस की अख्खं आलं?” अख्खं आलं होतं. मला लाज वाटली. ते आहे तिथंच बोटानं चिखलात खोचायचा प्रयत्न केला, आणि त्या दिवसापुरतं त्या जागी पुन्हा काही टाकलं नाही.

रात्री आईचा फोन.

“काय घावलं का?”

“काही नाही.” गवताचं तिला काय सांगणार.

“इकडं उजनी मायनसमधी गेली बघ. डाळिंबाला कसं पुरवायचं, भाऊ काळजीत हाय. तुमच्या तळ्याला हाय का पाणी?”

“आमचंही उतरलंय गं. लई उतरलंय.”

“आगं बाई. तिथंबी?” ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. “जिवाला लावून घेऊ नको. मिरगाला पडंल पाऊस. पडतोच.”

मी हं हं करत राहिलो.